देवाच्या कानात सांगितलेली गोष्ट

तोंडावर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठ फिरली की भट्टी. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरं तिला जास्त आवडायचं. बेकरी मूळची आईची. आईचे गुडघे गेले, मागोमाग कान गेले, तेव्हा पीठ मळायची परात, पाव आतबाहेर करायचं लांब दांड्याचं फळकुट आणि सकाळचं गिऱ्हाईक, असं सगळं थोरलीकडे आलं. राग मात्र वारसाहक्कानं आलेला नव्हता. तो तिनं स्वतः कमावलेला.

नवरा पुढे दुकानात बसे. सावकाश माणूस, जिभेवर साखर. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, आमच्याकडे खमीर नुसतं नावाला घालतात, पाव फुगतो तो हिच्या रागावर. एकानं विचारलं, मग त्या खुशीत असल्या की काय करता? नवरा म्हणाला, "त्या दिवशी बिस्किटं करतो."

थट्टा थट्टेच्या जागी, पण राग खराच होता. एका निवृत्त साहेबांना प्रत्येक पाव अंगठ्यानं दाबून बघायची खोड होती. दाबायचे, नाक मुरडायचे, खाली ठेवायचे, दुसरा दाबायचे. भट्टीनं हे बरेच दिवस आतून पाहिलं. मग एके सकाळी पिठाच्या हातांनी बाहेर आली, साहेबांचा गाल चांगला चिमटीत धरला, दाबला, सोडला आणि नवऱ्याला म्हणाली, "शिळे आहेत हो." साहेब पांढरा गाल घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं आले आणि हाताला लागेल तो पाव घेऊन चालू लागले. पुढे ते तिचे पक्के गिऱ्हाईक झाले, आणि कुणी नवा माणूस पावाकडे बोट नेताना दिसला की तेच त्याला डोळ्यांनी खुणावत.

पण ही गोष्ट त्या रागाची नाही. त्या रागाच्या तळाशी दुसरा एक राग होता, जुना, राखेखालच्या निखाऱ्यासारखा. त्याची ही गोष्ट.

भट्टीला एक धाकटी बहीण होती. शर्ट शिवायच्या कारखान्यात ती इस्त्रीच्या टेबलावर कामाला होती. उंच, हसरी, गुणगुणत इस्त्री फिरवणारी. कारखान्याला एक दार पुढे आणि एक मागे. मागच्या दाराला मुकादम आतून कुलूप घालायचा आणि किल्ली आपल्या खिशात टाकायचा, कारण बायका मध्येच उठून वाऱ्याला उभ्या राहतात आणि काम खोळंबतं, असं त्याचं म्हणणं. इस्त्रीच्या टेबलामागे विजेचा बोर्ड होता, त्यातून ठिणग्या उडायच्या. धाकटीनं हे मुकादमाला सांगितलं होतं. घरी थोरलीलाही सांगितलं होतं, न्याहारी करता करता, हसत हसत, जसं काही ते दुसऱ्याच कुणाच्या कारखान्यात चाललं होतं.

एके दुपारी त्या बोर्डानं पेट घेतला. कापडाचे ढीग भराभर पेटत गेले. पुढच्या बाजूच्या बायका पुढच्या दारानं निसटल्या. धाकटीचं टेबल मागे. ती मागच्या दाराकडे धावली.

मग चौकशी. मुकादमानं सांगितलं, पोरगी तापलेली इस्त्री कापडावर ठेवून उठली. मागच्या दाराची किल्ली तिच्याकडेच असायची, घाबरून तिला कुलूप उघडता आलं नसेल, बिचारी. 'बिचारी' हा शब्द त्यानं मुद्दाम घातला, असं भट्टीचं ठाम मत होतं. कारखान्यातल्या बायकांना विचारलं, त्यांनी मिठाची गुळणी धरली. नोकरी सगळ्यांनाच हवी होती. भट्टी चौकशीच्या साहेबांपुढे ओरडली, टेबलावर हात आपटला. त्यांनी तिला प्यायला पाणी दिलं, आणि तिच्या नवऱ्याला सांगून घरी धाडलं. आग धाकटीनं लावली हे ठरलं, शिक्का बसला, विषय संपला.

आईचा संपला नाही. आईला वाटलं, एवढी शिकलेली माणसं सांगतात म्हणजे खरंच असणार. शिवाय धाकटी होतीच थोडी धांदरट. लहानपणी किती वेळा दूध उतू घालवलं होतं तिनं. थोरली कानाशी ओरडून ओरडून सांगायची की नाही गं आई, किल्ली त्या मेल्याकडे होती. आई तिचा हात थोपटायची आणि म्हणायची, तू बहिणीची बाजू घेणारच, घे.

बेकरीवरच्या खोलीत आई राहायची, रस्त्याकडच्या खिडकीशी. रोज सकाळी, पावाचा पहिला घाणा बाहेर निघाला की ती खिडकीत बसून प्रार्थना करी. ऐकू येत नसल्यामुळे आपला आवाज केवढा लागतो हे तिला कळत नसे. तिच्या मते ती पुटपुटत होती. पण शब्द न् शब्द खाली रस्त्यावर पडत होता. "देवा, माझ्या धाकटीला माफ कर. पोर होती रे. चुकून झालं तिच्या हातून." पाव घ्यायला आलेली माणसं खाली मान घालून उभी राहत. कुणी पोरींना कोपर मारून सांगे, बघ, निष्काळजीपणा केला की असं होतं. सख्ख्या आईच्या तोंडून रोज सकाळी साऱ्या रस्त्याला ग्वाही मिळत होती की आग हिच्याच लेकीनं लावली. आणि भट्टी खाली कणीक मळत असायची. नवरा म्हणतो ते खोटं नव्हतं. पाव कशावर फुगत होता ते ऐकणाऱ्याला कळत होतं.

आता चर्चचं सांगायला हवं. ते त्याच रस्त्याच्या टोकाला. प्रभुभोजनाला तिथे विकतच्या पातळ चकत्या वाटत नसत. एका घरात भाजलेला एकच मोठा पाव, तोही गरम, आणि त्यातलाच तुकडा सगळ्यांनी घ्यायचा, अशी तिथली जुनी रीत. तो पाव आधी आई करायची, आता भट्टी. चर्चच्या मागे एक लहानशी खोली होती, तिथे स्टोव्हच्या कडेला पाव फडक्यात गुंडाळून ठेवायचा. पाळकांचा उपदेश संपला, त्यांनी पुस्तक मिटलं, की पाववालीनं उठायचं, मागच्या खोलीत जायचं, पाव ताटात घ्यायचा आणि आणायचा. तेवढ्या वेळात पाळक सगळ्यांना विचारत की कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर त्यानं आता उठून सांगावं. दुकानातून निघताना 'आणखी काही?' म्हणतात ना, तसा तो प्रश्न. त्याला कधी कुणी उत्तर दिलेलं नव्हतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत, मग पाव येई.

गंमत अशी की हा प्रश्न भट्टीनं जन्मात ऐकला नव्हता. तिच्या आईनंही, कान धड होते तेव्हाही, ऐकला नव्हता. पाव आणणारी बाई नेमकी त्याच वेळी मागच्या खोलीत, आणि भट्टी लहानपणापासून आईच्या मदतीला तिच्याबरोबर तिथेच. ही गोष्ट कुणाच्या ध्यानातही आली नव्हती, तिच्यासुद्धा.

तर एका रविवारी मुकादम चर्चमध्ये आला. कित्येक वर्षं त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. आता काम सुटलं होतं, छातीचं दुखणं मागे लागलं होतं आणि दारूही सुटली होती, किंवा डॉक्टरनं सोडवली होती. पाळकांनी त्याला पुढे बोलावलं. तो म्हणाला, माझ्या हातून मोठं पाप झालंय, मी ते देवापुढे कबूल केलंय, देवानं मला माफ केलंय. एवढंच. पाप कुठलं ते सांगितलं नाही. बसलेल्या सगळ्यांना वाटलं, दारू. त्याची दारू काय लपलेली होती? काही बायकांनी डोळे पुसले. भट्टी दात आवळून बसली होती. पाळकांनी पुस्तक मिटलं, तशी ती पावासाठी उठून मागे गेली.

ताट घेऊन परतते तो काय, माणसं उठून मुकादमाला मिठ्या मारत होती. पाळक त्याचे दोन्ही हात धरून उभे. भट्टीनं ताट मेजावर ठेवलं, जरा जोरात, आणि जाग्यावर येऊन बसली. शेजारी काजेवाली बसायची. पूर्वी त्याच कारखान्यात शर्टांना काजं करणारी, अजूनही बोटं सुईला सरावलेली. तिला भट्टीनं विचारलं, हा काय तमाशा? काजेवाली कुजबुजली की पाळकांनी विचारलं, या भावाविरुद्ध कुणाच्या मनात काही आहे का, तर कुणी काही बोललं नाही.

"मी इथे होते का?" भट्टी म्हणाली.

काजेवाली बुटांकडे बघू लागली.

दुसऱ्या दिवशी मुकादम बेकरीत आला. थेट आत, भट्टीपाशी, नवऱ्याला नुसता हात दाखवून. दाढी केलेली, चेहरा हलका, आजारातून उठलेल्या माणसासारखा तकतकीत. म्हणाला, ताई, तुम्हाला पहिल्यांदा सांगायला हवं होतं म्हणून आलो. आणि मग, हवापाण्याबद्दल बोलावं तितक्या सहज, "ती किल्ली माझ्याकडेच होती. बोर्डाचंही मला माहीत होतं. सगळं देवाला सांगून टाकलं. पाळकसाहेब म्हणाले, माफ झालं. छातीवरचा दगड उतरला बघा."

भट्टीच्या हातात कणकेचा गोळा होता. तो तिनं परातीत ठेवला. आपटला नाही, ठेवला. नवरा म्हणतो, तेव्हाच मी उठून उभा राहिलो.

"आईला सांगितलंस?"

एरवी ती त्याला अहो-जाहो करायची. मुकादमाला ते जाणवलं. म्हणाला, देवाला सांगितलं ना. तिनं विचारलं, कुठे? तो म्हणाला, पाळकसाहेबांच्या खोलीत, दार लावून.

"तुला दारं लावायची सवयच आहे," ती म्हणाली.

मुकादमाचा चेहरा उतरला, पण हटला नाही तो. त्याचंही एक म्हणणं होतं, आणि ते त्यानं मांडलं. आता पुन्हा कशाला उकरायचं? गेलेली परत येणार आहे का? म्हाताऱ्या मावशींना एवढ्या वर्षांनी धक्का द्यायचा? माझी नातवंडं शाळेत जातात, मुलगा चारचौघांत वावरतो. देवानं पुसून टाकलंय, ते आपण परत का लिहायचं? त्याला खरोखरच वाटत होतं की ही आनंदाची बातमी आहे आणि भट्टीला ती ऐकून बरं वाटेल. भट्टीच्या अंगाचा तिळपापड झाला तो याच गोष्टीनं. खोटं बोलत असता तर तिनं फळकुट उचललं असतं. तो खरं बोलत होता, आणि खूश होता.

तिनं त्याला घालवून दिलं आणि तशीच जिना चढून वर गेली. आईच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आई, त्यानं कबूल केलं, आत्ता, खाली. आईनं तिच्याकडे मायेनं पाहिलं. म्हणाली, तुला फार राग येतो गं, रागात माणसाला काहीही ऐकू येतं. आणि तिच्या कपाळाला लागलेलं पीठ पदरानं पुसलं.

मग भट्टी पाळकांकडे गेली. पाळक चांगला माणूस होता, हे तिच्या रागातही तिला नाकारता येत नव्हतं. दुःखाच्या घरी पहिला पोचणारा, आजाऱ्याची उशी स्वतः नीट करणारा. त्यानं तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. तिनं विचारलं, तुम्हाला माहीत होतं? तो म्हणाला, माझ्यापुढे जे कबूल होतं ते मला बाहेर बोलता येत नाही. ती म्हणाली, बोलू नका. पण तुम्ही रोज सकाळी आमच्या खिडकीखालून जाता, माझी आई वरून काय मागते ते ऐकता. पाळकानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

नंतर त्यानं समजवायला घेतलं, आणि त्याचं बोलणं उथळ नव्हतं. म्हणाला, ताई, देवाची क्षमा कुणाला कमावता येत नाही. ती आपल्या लायकीवर मिळायची असती तर तुम्हाला-मला कुणालाच मिळाली नसती. पश्चात्तापानं आलेल्या माणसाला मी दारातून परत पाठवू शकत नाही. त्या क्षमेला सीमा नाही.

"मग ती माझ्या आईच्या जिन्यापाशी येऊन थांबली कशी?"

भट्टी पुढे बोलतच राहिली. ज्यानं केलं त्याला माफी, आणि जिनं केलंच नाही तिच्यासाठी अजून रोज मागणं चालू. देवाकडे रोज सकाळी माझ्या आईचं ऐकून घ्यायला वेळ आहे, तर एवढं सांगायला नाही का, की बाई, चुकीच्या पोरीसाठी मागतेयस? तिनं विचारलं, माफ होत नाही असं पाप आहे तरी का तुमच्या शास्त्रात? पाळक म्हणाला, एकच सांगितलंय. खरं काय ते आत लख्ख दिसत असताना त्याला खोटं म्हणत राहणं, पवित्र आत्म्याच्या तोंडावर दार लावून घेणं. 'दार' म्हणताना तो अडखळला. मग मुकादमाची बाजू घेत म्हणाला, पण त्यानं तर ते उघडलं, ताई. थोडं उघडलं. आणि, अगदी हळू आवाजात, तिला आठवण दिली की आपण रोजच्या प्रार्थनेत काय म्हणतो: आम्ही दुसऱ्यांना जसं माफ करतो तसं आम्हाला कर.

इथे भट्टी खरी पेटली. ती म्हणाली, म्हणजे ज्यानं कुलूप घातलं तो आत, आणि मी रागावले म्हणून मी बाहेर? वा. ती म्हणाली, मी त्याला सुळावर चढवा म्हणत नाही, नरकात घाला म्हणत नाही. देवानं त्याला मांडीवर घेऊन झोपवावं, माझी हरकत नाही. देवाचं जे त्यानं बिघडवलं ते देवानं माफ करावं. माझ्या बहिणीचं नाव देवाचं नाही, तिचं आहे. ते ज्यानं घेतलं त्यानं आणून द्यावं. हे सगळं ती इतक्या मोठ्यानं बोलली की बाहेर बाग झाडणाऱ्या माणसानं झाडणं थांबवलं.

पाळक शेवटी एवढंच म्हणाला की मी त्याच्याशी बोलतो. बोललाही असेल. मुकादमानं काही केलं नाही. पुढच्या प्रभुभोजनाला त्याला पहिला तुकडा मिळायचा होता, परत आलेल्याला तो मान असतो, आणि त्यासाठी त्यानं नवा शर्ट शिवायला टाकला होता. ही बातमी काजेवालीनं आणली. शर्टाची काजं तिच्याकडेच आली होती.

नवऱ्याला वाटलं, आता ही पाव करणार नाही. त्यानं चाचपडत विचारलंही, बाजारातून आणायला सांगू का त्यांना? भट्टी म्हणाली, पाव मी करणार, नेहमीसारखा. आणि केला. त्या रविवारचा पाव असा फुगला होता म्हणतात की फडक्यात मावेना.

उपदेश झाला. पाळकांनी पुस्तक मिटलं. भट्टी उठली नाही.

पाळकांनी तिच्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. तिनं हात मांडीवर ठेवले होते. पाळकांना पुढे काय करावं सुचेना. पण प्रश्न तर विचारायलाच हवा, रीतच ती. त्यांनी विचारला. कुणाच्या मनात कुणाविरुद्ध काही असेल तर त्यानं आता उठून सांगावं. भट्टीनं तो प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. नंतर ती म्हणायची, एवढं चांगलं विचारतात आणि इतकी वर्षं कुणी मला सांगितलं नाही.

ती उभी राहिली. मुकादम पहिल्या बाकावर, नव्या शर्टात.

"माझ्या मनात आहे," ती म्हणाली. "याच्याविरुद्ध. देवानं याला काय माफ केलं ते यानं माझ्या आईला जाऊन सांगावं. मग मी पाव आणते. तोवर पाव गार झाला तरी चालेल."

दारूबद्दल आईला काय सांगायचं, असा प्रश्न बऱ्याच चेहऱ्यांवर दिसत होता. मुकादमानं पाळकांकडे पाहिलं, की हा माणूस आता मला सोडवेल. पाळकांनी मेजावरचं पांढरं कापड उगाच सरळ केलं आणि म्हणाले, "चला, मी येतो तुमच्याबरोबर." तेवढ्यात काजेवाली उभी राहिली. सुईच्या कामामुळे तिची मान कायमची वाकलेली, ती तशीच वाकलेल्या मानेनं म्हणाली की कुलूप होतं. किल्ली याच्याकडे असायची. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. भट्टीनं वळून तिच्याकडे जे पाहिलं, त्यात आभार वगैरे काही नव्हतं.

आता चर्चमधून एकाला उठवून नेलं की बाकीचे बसून राहतील का? सगळा जमाव रस्त्यानं निघाला. पुढे पाळक, मग मुकादम, मागे भट्टी, गुरं हाकत न्यावीत तशी. बेकरीशी आल्यावर लोक खाली खिडकीपाशी थांबले. तिघं वर गेली. नवरा आधीच आईजवळ होता. प्रभुभोजनाच्या दिवशी दुकान बंद, आईला जेवण तोच भरवायचा.

मुकादम आईसमोर स्टुलावर बसला. पुटपुटला काहीतरी, पाळकांच्या खोलीत पुटपुटला असेल तसंच. आई म्हणाली, "काय?" त्यानं जरा मोठ्यानं सांगितलं. आई म्हणाली, "काय म्हणतोस? मोठ्यानं बोल बाबा." भट्टी भिंतीला टेकून उभी होती, मदतीला आली नाही. पाळक पुढे झाला, त्याला तिनं हातानं मागे सारलं. मुकादमानं खिडकीकडे पाहिलं. खिडकी उघडी होती. मग त्यानं श्वास घेतला आणि ओरडून सांगितलं. किल्ली माझ्या खिशात होती, मावशी. बोर्ड खराब होता. तुमच्या पोरीनं सांगितलं होतं मला. मी खोटं बोललो. प्रत्येक वाक्याला आई "हं?" म्हणायची आणि त्याला ते वाक्य परत म्हणावं लागायचं.

सगळं सांगून झाल्यावर आईनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तिनं काही केलं नव्हतं."

मुकादम स्टुलावरून खाली उतरला, गुडघ्यांवर बसला, मला माफ करा म्हणाला. हे त्यानं नीट, मोठ्यानं म्हटलं. आईला ते ऐकू आलं. भट्टीनं आईचे डोळे पाहिले आणि तिला कळलं की ऐकू आलंय. पण आईनं तोंड खिडकीकडे फिरवलं आणि म्हणाली, "ते तू देवाशी बघून घे. मला बोलायचंय." आणि तिनं हात जोडले. तिच्या मते ती पुटपुटली. रस्त्यानं ऐकलं. "देवा, माझ्या धाकटीला सांग, आईला माफ कर म्हणावं. आईनं दुसऱ्यांचं ऐकलं."

नवऱ्यानं तोंड फिरवलं. पाळक चष्मा काढून उभा राहिला, पुसायचंही त्याला सुचलं नाही. रडली नाही ती एकटी भट्टी. तळपायाची आग तिच्या मस्तकात गेली होती. इतकी वर्षं आई निरपराध पोरीसाठी माफी मागत होती, आता स्वतःसाठी मागू लागली. ज्यानं मागायची तो तर मोकळा होऊन बसला होता.

पाव त्या दिवशी पाळकांनी स्वतः आणला. गार. मुकादमाला तुकडा मिळाला की नाही ते भट्टीनं पाहिलं नाही, ती आईजवळ बसली होती. पण त्याआधी, तो जिना उतरत असताना, ती त्याच्या मागे आली. तो वळला. त्याला वाटलं असावं, आता ही निवळली. चांगलं काहीतरी ऐकायच्या तयारीनं त्यानं मान लववली.

ती म्हणाली, "उद्या सकाळी ये. आई खिडकीत बसायच्या आधी. तिला पुन्हा सांग की चूक तिची नव्हती, तुझी होती. ती विसरते."

तो म्हणाला, किती दिवस? ती म्हणाली, तिचं मागणं थांबेपर्यंत.

मुकादम आला. दुसऱ्या दिवशी आला, नंतरही येत राहिला, छाती धरून, जिन्यावर थांबत थांबत. पाळकांनी सांगितलं म्हणून आला की लोकलाजेनं, की खरंच आतून आला, ते त्यालाच ठाऊक. आईसमोर बसायचा आणि ओरडून सांगायचा. आई ऐकायची, कधी मान हलवायची, कधी नाही. आणि सकाळी पाव घ्यायला येणारी माणसं आता खाली मान घालून उभी राहत नसत, वर बघत. निवृत्त साहेब एकदा भट्टीला म्हणाले, ताई, पुरे झालं आता, म्हातारा आहे तो, सोडा त्याला. भट्टीनं त्यांच्या पुड्यात पाव घातला, पुडा त्यांच्या हातात कोंबला आणि म्हणाली, "त्याला जिन्यावर बसायला खुर्ची ठेवलीय. आणखी काय करू?"

खुर्ची नवऱ्यानं ठेवली होती. पण काढली नाही तिनं.